तुरुंगमंत्र्यांचं पत्र

"तुरुंग खात्याचे मंत्री स्वतः लिहितात की ह्या माणसाला तुरुंगात मारहाण होईल," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी कागद वर धरला होता. "मग ती मारहाण ते थांबवत का नाहीत? तुरुंग तर त्यांचेच आहेत."

हे वाक्य मला पंजाबीत करून माझ्या शेजारी बसलेल्या बलकारसिंगला सांगायचं होतं. मी सांगितलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आम्हा दुभाष्यांना कोर्टात चेहरा कोरा ठेवायची सवय असते. त्या दिवशी मला तो ठेवायला फार कष्ट पडले, कारण त्या कागदाचा जर्मन अनुवाद मीच केला होता.

मी मूळची नांदेडची. आमच्या गल्लीत अर्धी घरं शिखांची. शाळेतून आल्यावर मी मैत्रिणीच्या घरी पडीक असायची, त्यामुळे पंजाबी आपोआप तोंडात बसली. पुढे लग्न होऊन जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आले. नवरा, युर्गेन, तिथल्या केमिकल प्लांटमध्ये केमिस्ट. मी रीतसर परीक्षा देऊन पंजाबी, हिंदी आणि इंग्रजीची शपथबद्ध दुभाषी आणि अनुवादक झाले. शपथबद्ध म्हणजे कोर्टात जाऊन शपथ घेतलेली. शपथ घेतली की एक गोल शिक्का मिळतो. अनुवादाखाली तो मारायचा आणि लिहायचं, 'अनुवाद अचूक आणि संपूर्ण आहे.' मग जर्मन सरकार त्यावर विश्वास ठेवतं.

ह्यातला 'संपूर्ण' हा शब्द महत्त्वाचा आहे. कागदावर जे जे आहे ते सगळं अनुवादात यायला हवं. वरचं बोधचिन्ह, हुद्दा, फोन नंबर, खालचा रबरी शिक्का. जिथे अक्षरं नसतात तिथे कंसात वर्णन करायचं: इथे निळ्या शाईत सही, वाचता येत नाही. वगळायचं काही नाही, पदरचं घालायचं काही नाही. ह्या शब्दाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

बलकारची हकिकत थोडक्यात सांगते. बत्तीस वर्षांचा माणूस. गावी शेतातले पंप दुरुस्त करायचा. त्याच्या धाकट्या भावाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं आणि तिसऱ्या दिवशी प्रेत घरी पाठवलं. बलकारने ठाणेदाराविरुद्ध तक्रार केली आणि साक्ष द्यायला उभा राहिला. मग ठाणेदाराने त्यालाही उचललं. सुटला तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो जर्मनीत आला, आश्रय मागितला, सरकारी ऑफिसने अर्ज फेटाळला. म्हणून त्याने कोर्टात दावा लावला होता. हरला असता तर त्याला विमानात बसवून त्याच जिल्ह्यात, त्याच ठाणेदाराच्या हद्दीत परत पाठवणार होते.

त्याच्याकडे भावाच्या पोस्टमॉर्टेमचा कागद होता. खांदा तपासलेल्या जर्मन डॉक्टरचा रिपोर्ट होता. आणि तिसरं होतं हे पत्र.

पत्र लिहिणाऱ्यांचं खरं नाव मी इथे देत नाही. तेवढा मान त्यांना कशाला? त्यांना आपण सरदारसाहेब म्हणू. पंजाबातल्या एका जिल्ह्याचे ते मोठे नेते. बलकारची फाइल आली तेव्हा मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांची सगळी कारकीर्द मला पाठ होती. कारण त्यांची आठ पत्रं मी आधीच अनुवादित केली होती. वेगवेगळ्या माणसांसाठी, वेगवेगळ्या वकिलांसाठी. बलकारचं नववं.

पहिल्या पत्राच्या डोक्यावर होतं 'माजी आमदार आणि जिल्हाध्यक्ष'. तिसऱ्यावर ते बियाणे महामंडळाचे चेअरमन झाले होते आणि कोपऱ्यात ट्रॅक्टरवर बसलेला त्यांचा फोटो होता. पाचव्यावर पक्षाचं चिन्ह बदललं आणि ते सरचिटणीस झाले. सातव्यावर चिन्ह पुन्हा बदललं. तिसरा पक्ष, पद 'ज्येष्ठ सल्लागार'. हा पडता काळ असावा, कारण कागदही पातळ होता. आणि नवव्यावर राज्याची मुद्रा, जाड कागद, 'राज्यमंत्री, तुरुंग'. माणूस पायरी-पायरीने वर चढत गेला, वाटेत तीन पक्ष झाले, पण खालचा मजकूर काही बदलला नाही. मी ह्या इसमास व्यक्तिशः ओळखतो. तो माझ्या पक्षाचा निष्ठावान कार्यकर्ता आहे. सध्याच्या सरकारचे पोलीस त्याच्या मागे आहेत. परत आल्यास तुरुंगात त्याचा अमानुष छळ होईल.

विरोधी पक्षात असताना कोणीतरी हा मजकूर टाइप करून ठेवला असणार. तो कॉम्प्युटरमध्ये तसाच राहिला आणि साहेबांचा हुद्दा बदलला की क्लार्क फक्त लेटरहेड बदलत गेला. साहेब मंत्री झाले, 'सध्याचं सरकार' म्हणजे ते स्वतःच झाले, तरी मजकूर वाचायची तसदी कोणी घेतली नाही. साहेबांनी तर नाहीच नाही.

बलकारची वकील फ्राउ ब्रांट. हुशार बाई, पण कायम घाईत. पत्र पाठवताना तिने फोनवर सांगितलं होतं, "फ्राउ केलर, फक्त मजकूर करा. वरचं डोकं नको, उगाच पान वाढतं."

"तसं करता येत नाही. संपूर्ण म्हणजे संपूर्ण," मी म्हटलं.

"आल्झो, तुमची मर्जी."

मी डोक्यासकट अनुवाद केला. करताना मला विसंगती दिसली नाही का? दिसली. हसूही आलं. पण अनुवादकाने सल्ला द्यायचा नसतो, आणि वकिलीण वाचेल अशी माझी समजूत. तिने नीट वाचलंच नाही. वाचलं ते न्यायाधीशांनी.

तर त्या दिवशी कोर्टात बलकारने घसा साफ केला आणि सरळ उत्तर दिलं. पक्षकार दुभाष्याच्या तोंडून बोलतो. तो 'मी' म्हणाला की आम्हीही 'मी' म्हणायचं. त्यामुळे मी जर्मनमध्ये म्हणाले, "मला माहीत नाही, साहेब. मामांनी ते पत्र आणलं. आमच्याकडून जे येतात ते सगळे असं पत्र आणतात."

"तुम्ही त्या पक्षाचे कार्यकर्ते आहात?"

"नाही. मी पंप दुरुस्त करतो."

"मंत्री तुम्हाला व्यक्तिशः ओळखतात?"

"नाही. मी त्यांना एकदा लांबून पाहिलंय. जीपमध्ये."

"म्हणजे पत्रात लिहिलेलं खोटं आहे?"

बलकारने न्यायाधीशांकडे सरळ पाहिलं. मग म्हणाला, आणि मी म्हणाले, "हो. पण माझा भाऊ मेला ते खरं आहे."

"खरं होतं तर हे पत्र कशाला आणलंत?"

"मामा म्हणाले, मोठ्या माणसाच्या पत्राशिवाय कोणी आपलं खरं मानत नाही."

मी हे वाक्य जर्मनमध्ये केलं. हा मामा मूर्ख नव्हता हो. आपल्याकडे रेशनकार्डापासून शाळेतल्या प्रवेशापर्यंत त्याने आयुष्यभर तेच पाहिलं होतं. नुसतं खरं घेऊन गेलं तर खिडकीवरचा माणूस मान वर करत नाही. कोणाची तरी चिठ्ठी लागते. तीच सवय त्याने भाच्याबरोबर जर्मनीत पाठवली. इथल्या न्यायाधीशाला मात्र एक खोटा कागद दिसला की बाकीचेही खोटे वाटायला लागतात.

फ्राउ ब्रांटने मुदत मागितली. न्यायाधीश कडक होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी सहा आठवडे दिले. हे पत्र कसं मिळालं ह्याचा खुलासा करा, नाहीतर पक्षकाराच्या विश्वासार्हतेबद्दल जे वाटतं ते लिहावं लागेल, असं म्हणाले. बाहेर कॉरिडॉरमध्ये वकिलीण मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. बलकारने मात्र मला हात जोडले. "बीबीजी, तुमची फार मदत झाली." मला जमिनीत जावंसं वाटलं. ते डोकं मी गाळलं असतं तर पत्र कोणाच्या डोळ्यावरही आलं नसतं.

फ्राउ ब्रांटने मंत्र्यांच्या ऑफिसला दोनदा फॅक्स केला, एकदा ईमेल केली. पत्राखाली फोन नंबरही होता. तो कोणी उचलत नसे. चार आठवडे असेच गेले.

आणि मग सरदारसाहेब स्वतःच आले.

म्हणजे बलकारसाठी नाही. युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर. काय अभ्यासणार होते कोणास ठाऊक. आमच्या भागातल्या पंजाबी मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला होता. आधी जवळच्या एका छोट्या गावच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, ब्युर्गरमाइस्टरांची, म्हणजे नगराध्यक्षांची, भेट आणि छोटं भाषण. मग गुरुद्वारात लंगर. दुभाषी म्हणून मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं, आणि हो म्हणताना माझ्या डोक्यात फक्त बलकार होता.

आठ दिवस आधी त्यांचा दोन पानी जीवनपट आला. पाहुण्यांना वाटायला त्याचा जर्मन अनुवाद हवा होता. आयुष्यात मी औषधांची माहितीपत्रकं केली आहेत, पंपांची मॅन्युअलं केली आहेत. त्या दोन पानांइतकं कशाने दमले नाही. शेतकऱ्याच्या साध्या घरात जन्म. लहानपणापासून दुसऱ्याचं दुःख पाहवत नसे. कॉलेजात असताना एका आंदोलनात अकरा दिवस तुरुंगवास. ती बराक आता जतन केली आहे आणि दारावर पाटी लावली आहे. पाटी लावणारे तुरुंगमंत्री कोण, ते लिहिलं नव्हतं. पदाची हाव कधीच नव्हती, पदंच त्यांना शोधत आली. आणि ते तीन पक्ष? त्यांच्याबद्दल एकच ओळ होती: 'वेळोवेळी विविध पक्षांना त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झाला.' मी ती ओळ जशीच्या तशी जर्मनमध्ये केली. अचूक आणि संपूर्ण. युर्गेनला वाचायला दिली तर तो म्हणाला, "म्हणजे हा पक्ष बदलत राहिला?" मी म्हटलं, "गेनाऊ. अगदी तेच."

प्रत्यक्षात साहेब भव्य होते. उंच, पांढरी दाढी जाळीत बसवलेली, कडक इस्त्रीची फिकट निळी पगडी. नमस्कार तर असा करत की समोरच्याला आपण फार वर्षांनी भेटतोय असं वाटावं. मला म्हणाले, "बीबीजी, नांदेड! अहो, तुम्ही तर आमच्या गुरूंच्या गावच्या!" एक मिनिटभर मलाही छान वाटलं. खोटं कशाला सांगू? माणसं अशांना निवडून का देतात ते त्या मिनिटात कळलं.

मग भाषण झालं. अशा वेळी वक्ता दोन-तीन मिनिटं बोलतो, थांबतो, मग दुभाषी बोलतो. साहेब एकदा सुरू झाले ते बावीस मिनिटं थांबले नाहीत. मी वहीत खुणा करत राहिले. आणि मग उभं राहून मला पन्नासेक जर्मनांसमोर, 'मी' लावून, ते सगळं म्हणावं लागलं. मी जनतेचा सेवक आहे. मी खुर्चीसाठी कधी तडजोड केली नाही. आणि शेवटी, "माझ्या राज्यात पोलीस कोणाच्या अंगाला हात लावत नाहीत. मी स्वतः दर महिन्याला तुरुंगात जाऊन कैद्यांबरोबर जेवतो. आमचे तुरुंग तुमच्या हॉटेलांसारखे आहेत."

टाळ्या पडल्या. ब्युर्गरमाइस्टरांनी खूश होऊन त्यांना वाइनची पेटी दिली. आपण अमृतधारी शीख, दारूला शिवत नाही, असं सांगून साहेबांनी ती नम्रपणे नाकारली आणि जाताना बरोबरच्या पीएला गाडीत ठेवायला सांगितली.

गुरुद्वारा एका जुन्या गोडाऊनमध्ये होता. लंगर झाल्यावर साहेब बाजूच्या खोलीत बसले आणि बाहेर रांग लागली. कोणाला भाच्यासाठी पत्र, कोणाला मेहुण्यासाठी. पीए पलीकडच्या टेबलावर लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन बसला होता. नाव विचारायचा, गाव विचारायचा, आणि तोच मजकूर छापून द्यायचा. व्यक्तिशः ओळखतो. निष्ठावान कार्यकर्ता. तुरुंगात अमानुष छळ. तासाभरापूर्वी ज्या तुरुंगांची हॉटेलं झाली होती, ते तेच तुरुंग.

मी रांगेत उभी राहिले नाही. दुभाषी असल्याचा तेवढा फायदा घेतला आणि सरळ आत गेले. बलकारचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. भाऊ, ठाणेदार, खांदा, न्यायाधीशांचा प्रश्न.

साहेबांनी पत्र पाहिलं. "सही माझीच आहे," ते आनंदाने म्हणाले.

"सहीबद्दल शंका नाही. पण तुम्ही ह्या माणसाला ओळखता का?"

"गाव कोणतं?"

मी गाव सांगितलं. त्यांनी पीएकडे पाहिलं. पीए म्हणाला, "नव्या रचनेत ते शेजारच्या मतदारसंघात गेलंय, जी." साहेबांच्या चेहऱ्यावरून बलकारसिंग पुसला गेला. मी स्वतः पाहिलं. बोलणं मात्र गोडच राहिलं.

"बीबीजी, तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"दोन ओळी लिहून द्या. ह्या माणसाला मी ओळखत नाही, नातेवाइकांच्या विनंतीवरून ऑफिसने हे पत्र दिलं. बस. त्याचं खरं बोलणं तरी खरं ठरेल."

ते मोठ्याने हसले. "मंत्री असं लिहून देतो का कधी? उद्या हेच पेपरात येईल." मग माझी समजूत काढायला पुढे वाकले. "हे बघा, मी तर प्रेमापोटी देतो. मुलं परदेशात अडकलेली असतात. एका कागदाने त्यांचं भलं होत असेल तर माझं काय जातं?"

"तुमचं काही जात नाही, सरदारसाहेब. त्याचं जाईल."

 मला वाटलं आता चिडतील. मला ते चाललं असतं. पण एवढ्या वर्षांच्या राजकारणात त्यांनी न चिडणं चांगलं शिकून घेतलं होतं. त्यांनी पीएला बोटाने खूण केली. पीएने ब्रीफकेसमधून एक फोल्डर काढला आणि त्यातला एक कागद माझ्या हातात दिला. जाड लेटरहेड. वर मुद्रा, राज्यमंत्री, तुरुंग. खाली निळ्या शाईत सही आणि गोल शिक्का. मध्ये काहीच नाही.

"साहेब निघायच्या आधी शंभरेक सह्या करून ठेवतात," पीए कौतुकाने म्हणाला. "दौऱ्यात वेळ मिळत नाही ना."

"तुम्ही शिकलेल्या आहात, बीबीजी," साहेब म्हणाले. "तुम्हाला जे पाहिजे ते लिहून घ्या. मला वाचून दाखवायचीही गरज नाही." आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता आणि मी त्याच्यासमोर चहा घेऊन बसले होते. खरं सांगते, मला काय लिहायचं ते तयार होतं. असल्या नऊ पत्रांची भाषा मला पाठ, न्यायाधीशांना काय हवंय ते मी कानांनी ऐकलेलं. चार ओळी पुरल्या असत्या. 'माझ्या पत्रातील मजकूर कार्यालयाच्या चुकीमुळे…' आणि खोटं तरी काय होतं त्यात? साहेबांनी तोंडाने परवानगी दिली होती. सही खरी, शिक्का खरा. एक माणूस वाचला असता.

युर्गेनने ब्रेडला लोणी लावता लावता विचारलं, "तू लिहिलंस तर लिहिणारी कोण?"

"तो."

"नाही. तू."

मला त्याचा राग आला. जर्मन माणसाला सगळं सोपं वाटतं, असं काहीतरी मी मराठीत पुटपुटले. बायको मराठीत सुरू झाली की गप्प बसायचं, एवढं त्याला कळतं. पण मी लिहिलं असतं तर त्या सगळ्या खोट्या पत्रांत एक दहावं, माझं, जमा झालं असतं. उद्या कोर्टाने मंत्र्यांकडे चौकशी केली असती तर त्यांनी एका फटक्यात हात झटकले असते, आणि तोंडघशी पडला असता बलकार.

सोमवारी मी फ्राउ ब्रांटला फोन केला.

"मंत्री भेटले. त्यांनी कागद दिला."

"वुंडरबार! काय लिहिलंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? उपयोगाचं काही नाही?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही. खाली सही आहे, शिक्का आहे. मध्ये कोरा आहे. म्हणाले, तुम्हीच भरा."

 ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "फ्राउ केलर, त्या कागदाला हात लावू नका. मी येते." कायम घाईत असणारी ती बाई पाऊण तास गाडी चालवून आमच्या घरी आली, कोट न काढता टेबलाशी बसली आणि तो कागद दोन्ही बाजूंनी पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "ह्याचा अनुवाद करा."

"कशाचा करू?"

"सगळ्याचा. संपूर्ण म्हणजे संपूर्ण, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मी टाइप केलं. राज्याची मुद्रा. राज्यमंत्री, तुरुंग. पत्ता, फोन नंबर. मग कंसात: 'इथे मजकूर नाही.' खाली: 'निळ्या शाईत सही, वाचता येत नाही. गोल शिक्का.' आणि त्याखाली माझं नेहमीचं वाक्य, अनुवाद अचूक आणि संपूर्ण आहे, माझी सही, माझा गोल शिक्का. सोबत एक पानभर निवेदन जोडलं: हा कागद मला कुठे, कोणी, काय म्हणून दिला. ते लिहिल्यावर त्या खटल्यात दुभाषी म्हणून बसणं मला शक्य नव्हतं. दुभाष्याने तटस्थ असावं लागतं आणि मी तटस्थ राहिले नव्हते. तसं कोर्टाला कळवून मी बाजूला झाले. पंजाबी मंडळींच्या कार्यक्रमांना त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. त्याचं मला बिलकुल वाईट वाटलं नाही.

पुढच्या तारखेला मी मागच्या बाकावर, बाहेरून ऐकायला आलेल्या लोकांत बसले. नवीन दुभाषी चांगला होता. न्यायाधीशांनी माझा अनुवाद वाचला, मूळ कागद उजेडात धरला, आणि नंतर असं काही केलं जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. ते हसले. हसू लगेच आवरलं. मग त्यांनी बलकारला पत्राबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. दोन तास फक्त भावाबद्दल विचारलं, ठाणेदाराबद्दल, कोठडीबद्दल, खांद्याबद्दल.

निकाल महिन्याभराने आला. फ्राउ ब्रांटने फोनवर वाचून दाखवला. मंत्र्यांची पत्रं कोणालाही, कशासाठीही मिळतात, त्यामुळे ती पक्षकाराच्या बाजूनेही धरता येत नाहीत आणि विरोधातही. विचारताच त्याने पत्र खोटं असल्याचं कबूल केलं, हे त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. डॉक्टरांचा रिपोर्ट आणि भावाचे कागद त्याच्या सांगण्याशी जुळतात. त्याला परत पाठवता येणार नाही. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्यात आनंद होता, आणि पत्राच्या त्या डोक्याचं माझ्या मनावर आलेलं ओझंही होतं.

बलकार पेढे घेऊन भेटायला आला. त्याला एकच शंका होती. "बीबीजी, त्या कागदावर तर काही लिहिलेलं नव्हतं. मग जजसाहेबांनी एवढा वेळ काय वाचलं?"

मी म्हटलं, "तुमच्या मंत्र्यांना वाचलं."

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका वकिलाकडून सरदारसाहेबांचं आणखी एक पत्र आलं. पक्ष चौथा होता, हुद्दा 'माजी मंत्री' होता, मजकूर तोच होता. मी डोक्यापासून शिक्क्यापर्यंत सगळा अनुवाद केला आणि सोबत वकिलाला, आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता सल्ला दिला: हे जोडू नका, माणसाला बोलू द्या. त्यांच्या सहीचे एकूण अकरा कागद माझ्या हाताखालून गेले. त्यातला एकच खरा होता, आणि त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.